पुढचा दिवा, मागचा दिवा

खाडीतल्या खांबाला कालवं चिकटतात, तसे आमच्या ऑफिसला किस्से चिकटायचे. खरवडून काढा, पुढच्या भरतीला नवे हजर! ऐंशीच्या दशकातलं अंधेरीचं छोटंसं ऑफिस. काम एकच, मनोरीच्या खाडीत होड्यांना वाट दाखवणारे दिवे उभारायचे. मी जर्मनीत शिकून, तिथली नोकरी सोडून नुकतीच परतले होते. तिथे एका मोठ्या नदीच्या दोन्ही काठांवर दीपस्तंभ, मधून सतत जहाजं. आपल्या खाडीलाही तसा मान मिळायला हवा, हे मी तिथेच ठरवलं होतं. तो माझ्याच हातून मिळायला हवा, हेही!

आमची आई कोकणातली. गोरेगावच्या चाळीत माझं स्वागत तिने असं केलं, "शेजारणीचो झील दुबयसून रंगीत टीव्ही घेवन इलो. तू जर्मनीक जावन दिवो लावूक शिकलंस? तो मी रोज देवाफुडे लावतंय!"

*

ऑफिसात माझ्या बरोबरीचा इंजिनियर म्हणजे पेडणेकर. परदेश पाहिलेला नाही, पण सगळ्यांचा लाडका. देसाई साहेबांनी आम्हाला एकेक दिवा वाटून दिला. पाण्याजवळ बुटका खांब, त्याच्या मागे उंच खांब. दोन्ही दिवे एकावर एक दिसले की होडीवाल्याने समजायचं, वाट बरोबर. पुढचा मिळाला पेडणेकरला.

"मागचा मलाच का?" मी विचारलं.

"अगं, लग्नाच्या फोटोत उंच माणसं मागेच उभी करतात ना!" पेडणेकर म्हणाला.

*

लांबून ओळखता यावा म्हणून प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी ठेवतात. पेडणेकरने एक ठेवली. मी दोन. लगेच त्याच्या तीन! मग मी चार केल्या.

आठवड्याने मनोरीचा धर्मा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ऑफिसात येऊन उभा राहिला.

"साहेब, दिव्यांना थंडी वाजते काय ओ? नुसते कुडकुडतात!"

*

मग पेडणेकरने "भरतीत नीट दिसत नाही" म्हणून आपला खांब तीन फूट वाढवला. माझा दिवा झाकला गेला. मी माझा चार फूट वाढवला. त्याने परत वेल्डर बोलावला. शेवटी देसाई साहेब स्वतः होडीत बसून बघायला आले. बराच वेळ वर बघत राहिले.

"हे दिवे आहेत की विहिणी?"

*

जेट्टीवरची एक कोळीण पेडणेकरला कायम पापलेट द्यायची, मला बोंबील. एकदा मी विचारलंच.

"त्याला पापलेट आणि मला बोंबील? असं का गं मावशी?"

"तो माझ्या पोरांची चौकशी करतो. तू तर मलाच भरती-ओहोटी शिकवतेस!"

*

आता नारळी पौर्णिमा. मनोरीच्या कोळ्यांची एक रीत होती. समुद्राला नारळ द्यायच्या आधी, ज्या दिव्याने वर्षभर घरी आणलं त्याला एक नारळ आणि हार. तो मान मला हवा होता. जर्मनीतली नोकरी मी सोडली होती ती कशासाठी? पेडणेकर नवा शर्ट घालून आला होता. मी आईची पैठणी नेसले होते.

संध्याकाळी दिवे लागले. धर्माची होडी ढोलताशात निघाली. पेडणेकरच्या दिव्यापाशी आली आणि सरळ पुढे गेली. मला केवढा आनंद! मग माझ्या दिव्यासमोरूनही पुढे गेली. आता आनंद पेडणेकरला!

होडी जेट्टीला लागली. धर्मा उतरला आणि शेवंताबाईच्या भज्यांच्या गाडीपाशी गेला. गाडीवर पेट्रोमॅक्स लटकत होती. त्याने तिला हार घातला आणि खाली नारळ फोडला.

"धर्मा, अरे ही तर भज्यांची बत्ती!" मी ओरडले.

"मग? ही मंद मंद होत जाते, मग एकदम भडकते. अशी दुसरी नाय अख्ख्या खाडीत. लांबून दिसली की कळतं, घर आलं!"

पेडणेकरने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग दोघंही एकदमच गाडीवर वाकलो.

"मावशी, बत्ती भडकवायला पंप किती वेळाने मारता?"

शेवंताबाईने घाण्यातून झारा वर काढला.

"गिऱ्हाईक बोंबलतं तेव्हा!"