तुमच्या रक्तापुढे पार्किंगची गाडी

"वीस मिनिटं, काका! पेशंटचं पोटॅशियम चढलंय हे लॅबने दहाला नोंदवलं, आणि माझ्या वॉर्डात सूचना आली दहा-वीसला. तोवर त्याने काय श्वास रोखून बसायचं?"

"सिस्टर, ओरडून सूचना लवकर येत नाही."

"मग कशाने येते ते सांगा, तेही करते!"

रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळणाऱ्या या माणसाला सगळे घंटावाले काका म्हणत. एकीकडे नोंद झाली की दुसरीकडे आपोआप घंटा वाजते, ही सोय त्यांनीच बारा वर्षांपूर्वी केली, तीही फक्त लॅबसाठी. मग भांडारवाले आले, "आम्हालाही एक द्या की." मग कॅन्टीन, मग पार्किंग. काकांच्या जिभेवर 'नाही' कधी आलंच नाही. "भीड भिकेची बहीण," बायको बजावायची, "अंगाशी येईल एक दिवस."

आलं. तीन दिवस खुर्चीला चिकटून त्यांनी दुखणं शोधलं. सर्व्हर ठणठणीत, डिस्कवर जागा भरपूर, तरी नोंदी खोळंबलेल्या.

"सूचना जोडलेली प्रत्येक नोंद पक्की होताना एकाच दारातून जाते, सिस्टर. एकामागे एक. तुमच्या रक्तापुढे पार्किंगची गाडी उभी असते."

"मग हाकला ना ती गाडी!"

"विचारलं. पार्किंगवाले म्हणतात, आधी कॅन्टीनची घंटा काढा. कॅन्टीनवाले म्हणतात, आधी भांडाराची. ज्याची घंटा त्याने सही केल्याशिवाय मला तिला हात लावता येत नाही, आणि सही म्हटलं की सगळ्यांचे हात दुखतात."

"कमाल आहे माणसांची!"

"आता तुम्हीच राहिलात." काकांनी सगळ्या घंटांची यादी पुढे सरकवली. सगळ्यात लांब रांग तिच्याच वॉर्डाची होती.

तिने वाचलं. चादर बदलली, की घंटा. उशी बदलली. पेशंटने कूस बदलली.

"कुशीची नाही काढायची," ती पटकन म्हणाली. "मागे एक आजोबा खाटेवरून पडले होते."

"बरं. चादरीची?"

"ती तपासणीला दाखवावी लागते."

"उशीची?"

"काका, उशा चोरीला जातात हो!"

काकांनी पेन तिच्यासमोर धरलं होतं, ते तसंच राहिलं. पडद्यावर खोळंबलेल्या नोंदींचा आकडा वाढत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"मग रक्ताची काढू?"

सिस्टरने यादी उलटी करून टेबलावर ठेवली आणि ती दार ढकलून निघून गेली.