झेंडूच्या माळेचं वजन

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सुटे भाग मागवून पार्किंगमध्ये स्वतः स्पोर्ट्स कार जोडली आहे. तिला छप्पर नाही, दारं नाहीत. "वजन हाच शत्रू, काय?" असं ते येताजाता ऐकवतात आणि उत्तराला थांबत नाहीत. शर्यतीसाठी त्यांनी स्टेपनी काढली, जॅक काढला, बायकोची सीटसुद्धा काढली. स्वतःचं पोट तेवढं ठेवलं.

दसऱ्याला वहिनींनी गाडीची पूजा करून झेंडूची माळ बांधली. यांनी सगळ्यांदेखत ती सोडून त्यांच्या हातात दिली. "शर्यतीची गाडी आहे ही, वरातीची नाही, काय?"

वहिनींनी माळ आपल्या स्कूटरला बांधली.

तासाभरात साहेबांचा फोन आला. त्र्यंबक रस्त्यावर चाक पंक्चर झालं होतं. वहिनींनी स्टेपनी स्कूटरवर पुढ्यात घेतली, जॅक मांडीवर धरून मी मागे बसलो.

पोचलो, स्टेपनी उतरवली. आभार वगैरे नाहीत. साहेबांनी माळेकडे बोट दाखवलं. "हे असलं लटकवून फिरलीस तर अ‍ॅव्हरेज काय मिळणार, काय?"

वहिनींनी स्टेपनी उचलून परत स्कूटरवर ठेवली.

"बसा भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "उगाच यांच्या गाडीचं वजन वाढायचं."