खडूचं वाकडं घर

…नाही गं, ते आधीचं राहू दे, फार लांबलं. तू खडूच्या सिनेमाचं लिही. हो, तीच खडू, फ्रेमवाल्याची मुलगी. लहानपणी तिच्या हाताला, फ्रॉकला, नाकाच्या शेंड्याला सदा खडू फासलेला असायचा, म्हणून खडू. आता कॉलेजसुद्धा झालं, चष्मा लावते, मोठमोठे शब्द बोलते, पण ते नाव काही पुसलं गेलं नाही.

तर ही खडू सिनेमा करायला शिकत होती. माणसांचा नाही, मातीच्या बाहुल्यांचा. बाहुली मांडायची, फोटो काढायचा. तिचा हात केसभर हलवायचा, परत फोटो. परत केसभर, परत फोटो. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की बाहुली आपली चालायला लागते. पण एक पाऊल टाकायला तिला अख्खी दुपार जाते. खडूची आई टपाल कचेरीत आहे. ती म्हणायची, "आमचे मोठे साहेबसुद्धा खुर्चीतून उठायला एवढा वेळ घेत नाहीत."

शेवटच्या वर्षाला ज्याचा त्याने सिनेमा करून दाखवायचा होता. वेळेत झाला तर पास, नाही झाला तर ते वर्ष पुन्हा. आता सरळ गोष्ट अशी, की माणसाने झेपेल तेवढं घ्यावं. पण खडू! तिने मॅडमना जाऊन गोष्ट सांगितली. त्यात समुद्र, समुद्रात वादळ, वादळात जहाज, जहाजावर राणी आणि राणीचं सगळं सैन्य.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "छान आहे. करायला किती जणं आहात?"

"मी आहे ना."

"मग गोष्टीत पण तेवढीच माणसं ठेव."

आठवडाभर तोंड फुगवून बसली. मग एकेक करून सैन्य गेलं, राणी गेली, जहाज गेलं, समुद्र आटला. उरला एक म्हातारा. टेकडीच्या उतारावर त्याचं घर. घरच उतारावर, म्हणून आतलं सगळं तिरकं. टेबल तिरकं, फळी तिरकी, भिंतीवरची तसबीर तिरकी. म्हातारा पण तिरकाच चालतो. त्याला एकच काम, काठोकाठ भरलेला चहाचा कप चुलीपासून खिडकीपर्यंत न सांडता न्यायचा. बस्स. एवढाच सिनेमा.

फ्रेमवाल्याच्या दुकानामागे तसबिरींच्या काचा ठेवायची खोली आहे ना, तिथे एका टेबलावर तिने घर मांडलं. पुठ्ठ्याच्या भिंती, काड्यांच्या खुर्च्या, आईने शिवलेला म्हाताऱ्याचा कोट. सूर्य कधी ढगाआड जातो कधी बाहेर येतो, फोटो कमीजास्त उजेडाचे होतात, म्हणून खिडकीला काळा कागद डकवला आणि दिवा लावला. दिव्याच्या उष्णतेने म्हाताऱ्याचं नाक ओघळून ओठावर यायचं. मग नाक काढा, नवीन लावा. आई विचारायची, "आज कितवं नाक?"

मॅडमनी तिला एक गोष्ट बजावून सांगितली होती. रोज जेवढे फोटो काढशील तेवढे रोज चालवून बघ. पण आपली खडू म्हणजे कोण! तिला सगळं पुरं झाल्यावर एकदम बघायचं होतं. म्हणे मजा जाते.

आता फ्रेमवाल्याचं सांगते. माणूस लाख मोलाचा, पण डोळ्यात जन्मतःच ओळंबा अडकवून आलाय. वाकडं म्हणून दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटते. लोकांकडे गेला की आधी त्यांची कॅलेंडरं सरळ करतो, मग बसतो. एकदा डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, श्वास घ्या. तर हा श्वास घ्यायच्या ऐवजी हात लांब करून त्यांच्या डोक्यामागची पाटी सरळ करत होता. सगळा जन्म त्याचा चौकटी काटकोनात बसवण्यात गेला, त्याला तरी काय बोलणार.

तो रोज संध्याकाळी काच आणायला मागच्या खोलीत जायचा. आणि त्याला ते घर दिसायचं. त्याला वाटलं, पोरीला सुतारकाम जमलेलं नाही. बोललो तर हिरमुसेल, परीक्षेचे दिवस आहेत. मग हा गुपचूप, पोरगी चहाला उठली की, त्या घरातल्या इवल्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा. दुसऱ्या दिवशी फळी. मग तसबीर. तीही अगदी जराशी, पोरीच्या लक्षात येऊ नये इतकी. मायेने करत होता गं. आणि खडूचा डोळा सगळा म्हाताऱ्याच्या नाकावर, तिला काही कळलंच नाही.

शेवटी झालं एकदाचं. दाखवायचा दिवस पुढच्या आठवड्यावर आलेला. खडूने आईबाबांना दुकानात काउंटरपाशी बसवलं आणि कॉम्प्युटरवर सिनेमा लावला.

म्हातारा निघाला. तिरकं घर, तिरका म्हातारा, छान चाललाय. आणि मधेच टेबलाने टुणकन उडी मारली. मग फळी हलली. तसबीर आपोआप फिरली. म्हातारा खिडकीशी पोचेपर्यंत घर बिचारं हळूहळू सरळ होऊन ताठ उभं, आणि म्हातारा तेवढा कलंडलेला. जसा काही चहा नाही, दुसरंच काही पिऊन निघालाय.

खडूचा चेहरा पांढराफटक. आणि फ्रेमवाला खूश! "बघ, शेवटी शेवटी किती नीट दिसतंय!"

"बाबा, तुम्ही हात लावलात?"

"थोडासाच. तुला म्हटलं नाही, उगाच वाईट वाटेल."

"ते वाकडंच हवं होतं, बाबा! मी मुद्दाम वाकडं केलं होतं!"

फ्रेमवाल्याला हे काही केल्या उमजेना. "मुद्दाम? वाकडं? मुद्दाम कोण वाकडं करतं?"

"मी!"

"अगं पण का?"

खडू उठली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. दोन दिवस बापलेकीत अबोला. बाप काचा कापतोय, लेक भिंतीकडे बघतेय. आई म्हणाली, "अहो, एकजण वाकडं करतंय, एकजण सरळ करतंय, आणि मी मधे बसून दोघांचे निरोप पोचवतेय. कचेरीत तेच, घरी पण तेच."

सगळं परत करायला वेळ कुठे होता? वर्ष गेल्यात जमा. खडू तसाच सिनेमा घेऊन मॅडमकडे गेली, रडायच्या तयारीनेच. मॅडमनी बघितला आणि हसत सुटल्या. इतक्या, की चष्मा काढून डोळे पुसले.

"हे घर सरळ कोण करतंय?"

"आमचे बाबा."

"मग ते दाखव ना. आता नुसती चूक वाटतेय, कारण करणारा दिसत नाही."

खडू घरी आली ती थेट दुकानात. "बाबा, तुमचा हात हवाय."

"कशाला?"

"सिनेमात."

फ्रेमवाल्याने आधी हात धुतले. साबणाने, दोनदा. नखं घासली. मग बसला टेबलापाशी. त्याला वाटलं, घरातलं इवलं टेबल सरळ करायचं, क्षणाचं काम. पण इथे मुंगीच्या पावलाने! हात खिडकीतून केसभर आत, थांबा. फोटो. अजून केसभर, थांबा. फोटो.

"बाबा, हलू नका."

"नाक खाजतंय."

"खाजू दे."

"अगं मी जिवंत माणूस आहे."

"आज नाही आहात. आज तुम्ही बाहुली आहात."

आई मागून येऊन नवऱ्याचं नाक खाजवून गेली. ते पण काम झालं.

उडी जिथे जिथे होती, तिथे तिथे बापाचा हात घातला. मोठा थोरला हात खिडकीतून येतो, टेबल सरळ करतो, फळी सरळ करतो आणि लाजल्यासारखा मागे जातो. झकास जमलं. राहिला शेवट. म्हातारा सरळ घरात तिरका चालतो, त्याचा सगळा चहा सांडतो, तो तोंड पाडून बसतो. मग हात परत येतो, आणि ती तसबीर पुन्हा वाकडी करतो.

इथे फ्रेमवाला अडला. "हे नाही जमायचं. माझ्या हातून वाकडं? उद्या गिऱ्हाईकांनी बघितलं तर?"

"तुमचं तोंड दिसत नाही, बाबा."

"माझा हात ओळखतील."

खडूला राग येत होता, पण ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, त्या म्हाताऱ्याला तसंच लागतं. त्याचे पाय तसे आहेत. तुम्ही त्याला मदत करताय, पण त्याला विचारलंच नाहीत ना."

फ्रेमवाल्याने वाकून त्या मातीच्या म्हाताऱ्याचे पाय बघितले. म्हणाला, "किती वाकडं?"

"मी सांगते तेवढं."

केसभर. फोटो. केसभर. फोटो. थंडीचे दिवस, तरी माणसाच्या कपाळावर घाम. मधे एकदा हात आपोआप सरळ दिशेला वळला, तर त्याने स्वतःच दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि म्हणाला, "घे, काढ फोटो, लवकर काढ."

पास झाली गं. पहिली बिहिली नाही आली. शेवट जरा रेंगाळला आणि आवाज बारीक झाला असं मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि खडूने ते मुकाट्याने ऐकून घेतलं, हे मला जास्त आवडलं. पण हात आला की सगळं सभागृह हसायचं. फ्रेमवाला शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "तो माझा आहे." त्या माणसाला वाटलं, म्हातारा. तो म्हणाला, "वडील का तुमचे?"

आता एक काम कर. ती चपलांच्या दुकानातली बाई आहे ना, तिची मुलगी यंदा त्याच वर्गात जातेय. मुलीला सांग, गोष्ट लहान घे आणि केलेलं रोजचं रोज बघ. आणि तिच्या आईला वेगळं गाठून सांग, कारण ती बाई फडकं हातात घेतल्याशिवाय झोपेतून उठत नाही. म्हणावं, पोरगी सिनेमा करेल त्या खोलीत जायचं असेल तर हात मागे बांधून जा, आणि काही पुसायच्या आधी पोरीला विचार. फ्रेमवाल्याच्या घरून निरोप आहे म्हणून सांग, म्हणजे ऐकेल.