कढीपत्त्याची खरखर

आमच्या कढीपत्त्याने माझा नागपूरशी असलेला संपर्क तोडला.

मी हौशी रेडिओवाला. अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, परसात अँटेना उभारून दर रविवारी सकाळी नागपूरच्या माझ्या मित्राशी, वसंताशी बोलतो. (फोन का नाही करत, असं बायको विचारते. फोन काय, कोणीही करतं!) त्याची बायको वारल्यापासून वसंता एकटाच असतो, म्हणून त्याचं मन मोकळं करायची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. थंडी पडली आणि रेडिओवर अशी खरखर सुरू झाली की वसंताचा एक शब्द कळेना. मी आपला अंदाजाने बोलत राहायचो. बिचाऱ्याला वाटेल, मित्रानेही पाठ फिरवली, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

खरखर आपल्याच घरातली आहे का, हे पाहायची रीत सोपी. घराचा मेन स्विच पाडायचा आणि बॅटरीवरचा रेडिओ ऐकायचा. मी स्विच पाडला. (बायकोचं वरण अर्धकच्चं राहिलं, ते रीतीत सांगितलेलं नसतं.) खरखर जशीच्या तशी. म्हणजे चोर शेजारी! जन्मभर मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होतो, निष्कर्ष काढायला मला वेळ लागत नाही.

शेजारच्या स्टीव्हच्या छपरावर सोलर पॅनल आहेत, आणि असल्या यंत्रणेने रेडिओत खरखर येते. मी रेडिओ कानाला लावून त्याच्या कुंपणाशी येरझाऱ्या घालू लागलो. "बाबा, प्लीज, पीपल आर वॉचिंग," मुलगी म्हणाली. मी थेट स्टीव्हकडे जाऊन भाषण ठोकलं. त्या देवमाणसाने आधी पॅनल बंद केले, मग अख्खं घर बंद केलं. ओव्हनमधला त्याचा केक बसला, खरखर मात्र हलली नाही. रेडिओ तुमच्या घराकडे वळवला की आवाज का वाढतो, असं त्याने नम्रपणे विचारलं. माझा हात थरथरतो, असं मी सांगितलं.

परत निघालो तर पावलागणिक खरखर वाढत गेली, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी रेडिओ बोंबलायला लागला. समोर कढीपत्ता. मिशिगनच्या हिवाळ्यात तो जगावा म्हणून त्याच्या डोक्यावर खास दिवा लावलेला असतो. मी सगळ्यात स्वस्तातला शोधून आणला होता. तो विझवला आणि खरखर थांबली.

"पण मी मेन स्विच पाडला होता ना?"

"अहो, वीज गेली तरी झाड अंधारात नको म्हणून तुम्हीच त्याला बॅटरी जोडलीत," बायको म्हणाली. (इथे वीज वर्षातून एखाद्या वेळी जाते, पण नागपूरच्या माणसाच्या डोक्यातून इन्व्हर्टर जात नाही.)

नवा, बरा दिवा आणला. स्टीव्हला पुरणपोळ्या पोचवल्या आणि शरमेने दारातूनच परतलो. पुढच्या रविवारी वसंताचा आवाज लख्ख आला. मला अगदी भरून आलं.

"वसंता, माफ कर रे," मी म्हटलं. "एवढे आठवडे तू काय बोलत होतास, मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं."

"असं का?" वसंता म्हणाला. "मला तर तुझं बोलणं नेहमीसारखंच वाटलं, बाप्पा."