आप्पांनी कोल्डला ठेवलेला डबा

आमच्या आप्पांचं एक होतं, ज्या वस्तूवर जीव, ती वस्तू कोल्डला. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजवर माझ्या वडिलांची अख्खी हयात गेली. भर मार्चात, हायवेचं डांबर मऊ पडेल अशा उन्हात, हा माणूस कानटोपी घालून घरी जेवायला यायचा. लोक हसायचे. हसू देत! माझ्या लग्नातले हार, आजीचं तूप, पाहुण्यांसाठीचे पेढे, सगळं त्यांनी द्राक्षांच्या पेट्यांशेजारी ठेवलं होतं. आता आप्पा नाहीत. मुंबईला जाताना गाडी त्या कोल्डसमोरून गेली, की मी आपली खिडकीची काच खाली करते. येतं काय आत, तर डिझेलचा धूर. तरी करते.

बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा माझ्यासोबत एक पांढरा थर्माकोलचा डबा होता. आत रक्त घ्यायची पिशवी, सुई आणि नळी. बाळ झालं की नाळेत उरलेलं रक्त त्या पिशवीत घ्यायचं, आणि कंपनी त्यातल्या मूळ पेशी काढून वर्षानुवर्षं गोठवून ठेवणार. पुढे कधी रक्ताचा आजार उद्भवला तर उपयोगी पडतील, कदाचित. "हमी कोणीच देत नाही हं," असं नाशिकच्या डॉक्टर मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं. आईने तर नाकच मुरडलं. "आमच्या वेळी नाळ परसात पुरायचे. आता फ्रीजात घाला म्हणे!"

आप्पा मात्र हसले नाहीत. माझा थोरला भाऊ रक्ताच्याच आजाराने गेला, मी तेव्हा बालवाडीत होते. त्यानंतर आप्पांनी त्याचं नाव घरात कधी काढलं नाही. पोटात बाळ आल्यापासून मला एकच धास्ती होती, हिच्या किंवा ह्याच्या रक्तात तसलं काही निघालं तर? तीच धास्ती आप्पांनाही आहे हे मला कळलं ते त्यांनी डबा हातात घेतला तेव्हा. हळूच विचारलं, "पोरी, हे रक्त किती डिग्रीला ठेवत्यात?"

"शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे, आप्पा."

"आयला!" त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हंजे आपलं कोल्ड तर चूलच म्हणायची."

तारखेच्या बरंच आधी, ऐन दुपारी कळा सुरू झाल्या. गाडी दारात आली, बॅग चढली, आणि डबा? कपाटात डबा नाही! आम्ही घर उलटंपालटं करतोय तोवर आप्पा कोल्डवरून धावत आले, कानटोपीसकट, डबा छातीशी धरून. "घे. एक नंबर ठेवलाय. पेट्या सरकवून मधोमध जागा केली होती त्याला." थर्माकोलचा डबा म्हणजे गार ठेवायची वस्तू, हे पिंपळगावात शेंबड्या पोरालाही माहीत. डब्यावरची इंग्रजी चिठ्ठी कोण वाचतंय! त्या कळांतसुद्धा मला हसू फुटलं.

दवाखान्यात ते हसू पळालं. डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी वाचली, डब्याला हात लावला आणि कंपनीला फोन केला. "पिशवीत रक्त साकळू नये म्हणून औषध असतं. डबा साध्या खोलीत ठेवायचा होता, गारठवायचा नव्हता. वापरू नका म्हणतायत. दुसरा मुंबईहून येईल, पण बाळ काही तोवर थांबत नाही."

आई कडाडली. "अहो, सगळं त्या मेल्या कोल्डात कोंबायची काय ही खोड! एकदाच मिळणारी गोष्ट होती ती!"

आप्पा कानटोपी काढून हातात चुरगळत भिंतीला टेकून उभे राहिले. मला आत नेलं तेव्हा माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवलं नाही. पोटातल्या कळा एकीकडे आणि तो चेहरा एकीकडे.

मुलगी झाली. मॅडमनी नाळ लगेच कापली नाही. "आता पिशवी भरायची नाही, तर घाई कशाला? जाऊ दे तिचं तिला," म्हणाल्या, आणि नाळेतली धडधड थांबेपर्यंत थांबल्या.

नंतर खोलीत सगळे आले. आप्पा दारातच अडले. "पोरी, त्ये रक्त वाया गेलं ना?"

"नाही हो आप्पा. बरंचसं हिच्याच अंगात गेलं. या की आत."

ते आले. दुपट्यातून बाहेर आलेल्या पायाला त्यांनी एक बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "लय गरम लागतंय गं. ताप हाय का हिला?"

"ताप नाही बाबा," नर्स म्हणाली, "तुमचाच हात गार आहे."

आप्पांनी हात धोतराला खसाखसा चोळला आणि तो एवढासा पाय मुठीत धरला. बराच वेळ धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या दादाचे पाय शेवटी गार पडले होते. मी चोळत होतो, चोळत होतो. नाय आली ऊब."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आवरेना.

नर्स बाळाला गुंडाळायला आली. "बाबा, पाय सोडा आता."

"थांबा की जरा," आप्पा म्हणाले.