रद्द न झालेली घंटा

औषधाच्या वेळी फोनवर घंटा वाजवणारा प्रोग्रॅम ताईंनी लिहिला होता. ऑफिसात लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणत. दुसऱ्याची चूक दिसली की त्या दुपारच्या आत दुरुस्त करून घेत, मग समोरचा जेवला असो वा नसो.

आई गेली तेव्हा तिची नोंद त्यांनी स्वतः रद्द केली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांच्या फोनवर आईच्या गोळीची घंटा वाजलीच. चूक तासाभरात सापडली. घंटांच्या यादीला नुसतं फंक्शन, म्हणजे 'घंटा वाजव' ही मोकळी सूचना, चालत नाही; ती सूचना पाकिटात घालावी तसा, एकच मेथड असलेला ऑब्जेक्ट लागतो. ताई फंक्शनच देत, आणि प्रोग्रॅमची भाषा गुपचूप त्याचा ऑब्जेक्ट करून घेई. पण रद्द करताना तेच फंक्शन पुन्हा दिलं की दुसरा, नवाच ऑब्जेक्ट तयार होई. यादी त्याला ओळखत नसे. ठेवलेली पिशवी भलत्याच टोकनावर मागावी, तसं. एररही येत नसे. पहिला ऑब्जेक्ट जपून ठेवायचा आणि तोच परत द्यायचा, एवढंच करायला हवं होतं. दोन ओळींचं काम.

ताईंनी ते केलं नाही. आठला घंटा वाजायची आणि त्या रिकाम्या खाटेकडे बघून विचारायच्या, "घेतलीस का गं?" बरे झालेले लोक अ‍ॅपच काढून टाकत, त्यामुळे कुठे बोभाटा झाला नाही. सर्व्हर एकदा बंद होऊन सुरू झाला असता तरी रद्द केलेल्या घंटा पुसल्या गेल्या असत्या; उलट तो महिनोन्‌महिने बंद पडत नाही म्हणून ताईंचं कौतुक झालं.

आठ महिन्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायको वारली, दोनदा रद्द केलं, तरी तिची घंटा वाजते. त्यांच्या स्वतःच्या गोळ्याही त्याच अ‍ॅपवर, म्हणून ते काढताही येत नव्हतं.

"माझं काही नाही हो," ते म्हणाले. "पण नात चार वर्षांची आहे. घंटा वाजली की पाण्याचा पेला घेऊन आजीच्या खोलीत जाते. तिथेच उभी राहते."

स्वतःच्या दुःखाला सोबत हवी म्हणून ताईंनी परक्याच्या घरातलं दुःख रोज उकरलं होतं. त्यांनी त्या दोन ओळी लिहिल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि बाथरूममध्ये जाऊन आईसाठी पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेल्यावर त्यांनी गृहस्थांना फोन लावला. घंटा वाजली नव्हती. नात अंगणात खेळत होती.

"एका दिवसात केलंत, बाई," गृहस्थ म्हणाले. "नाहीतर परक्यासाठी कोण एवढी धावपळ करतं?"

खरं काय ते सांगायला ताईंनी तोंड उघडलं.

"कामच आहे आमचं," त्या म्हणाल्या.