फळ्यावरची इंग्रजी आणि उतारावरची गाडी

आमच्या आरोग्य केंद्रात माणसांच्या बदल्या होतात, किस्स्यांच्या होत नाहीत. डॉक्टर येतात, जातात. किस्से इथेच मुक्कामाला राहतात. मी इथली नर्स, बारा वर्षं टिकलेली. त्यामुळे सगळा साठा माझ्याकडे!

गेल्या वर्षी पुण्याहून नवे डॉक्टरसाहेब आले. माणूस सोन्यासारखा, पण इंग्रजीचा भारी सोस. आल्या आल्या त्यांनी जानकीचा कागद पाहिला. सूर्यमाळकडच्या एका वरच्या पाड्यावरची ही पोर. तिथे रस्ता नाही, पेशंट डोलीतून, माणसांच्या खांद्यावरून खाली आणायचा. तिचं पहिलं बाळ वाटेतच गेलं होतं. आता पुन्हा सातवा महिना. "या वेळी गाफील राहायचं नाही," साहेब म्हणाले आणि बाहेरच्या फळ्यावर रोज एक इंग्रजी वाक्प्रचार लिहू लागले.

पहिल्या दिवशी 'ऑन युअर टोज'. म्हणजे कायम तयारीत.

आमचा ड्रायव्हर काशिनाथ फळा वाचून आला. "साहेब, फळ्याला खडू मिळाला. गाडीला बॅटरी कधी?"

*

अँब्युलन्सची बॅटरी मेलेलीच होती. काशिनाथ गाडी उतारावर लावायचा, चाकाखाली दगड. दगड काढला की गाडी घरंगळायची आणि सुरू व्हायची. साहेबांना ते बघवेना.

"गाडी शेडमध्ये लावा. शिस्त पाहिजे!"

"शेडमध्ये शिस्त राहील, साहेब. गाडीपण तिथंच राहील!"

*

मग आलं 'आइज पील्ड'. म्हणजे डोळ्यांत तेल घालून. त्याच आठवड्यात मोठे अधिकारी अचानक तपासणीला आले. बघतात तर आम्ही सगळे कडक इस्त्रीत हजर! ते वैतागले. "मी येणार हे कुणी फोडलं?"

जानकीला तपासायला घेऊन तिची सासू सोनीबाई आली होती. ती रांगेतूनच म्हणाली, "मोखाड्याला च्या प्यायला थांबलात ना, तव्हाच कळलं!"

*

पुढे 'ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट'. म्हणजे इशारा झाला की लगेच. साहेबांनी मॉक ड्रिल ठेवलं. शिपाई बारकू पेशंट झाला, मी सलाईन धरलं, गाडी शिस्तीत शेडमध्ये. शिटी वाजली, आम्ही धावत बारकूला गाडीत घातलं आणि ढकलायला लागलो. गाडी हलेना. तेवढ्यात मागचं दार उघडून बारकूच खाली उतरला.

"अरे, तू पेशंट आहेस!" साहेब ओरडले.

"मी उतरल्याबिगर गाडी निघायची नाय, साहेब!"

सगळी ओपीडी हसली. जानकीला घेऊन तपासणीला आलेली सोनीबाई तेवढी हसली नाही. ती ढकलणारी माणसं बघत होती. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी शेडचं नाव काढलं नाही.

*

आणि एका सकाळी फोन आला. जानकीला कळा सुरू! काशिनाथने दगड काढला, गाडी निघाली. साहेब वाटेतच बुटांच्या नाड्या घट्ट करत होते, फाट्यापासून पाड्यापर्यंत चढायचं म्हणून. माझ्या डोळ्यांपुढे मागच्या वेळची जानकी.

फाट्यावर पोचलो तर जानकी समोरच्याच घराच्या ओट्यावर!

"आठ दिस झाले, आम्ही पाव्हण्याकडं हितंच आलोत," सोनीबाई म्हणाली. साहेब नाड्यांकडे बघत राहिले.

जानकीला आत घेतलं आणि गाडी बंद पडली. फाट्यावर सगळं सपाट! काशिनाथने कपाळाला हात लावला. मी जानकीचा हात धरला.

तोच घरामागून आठ गडी आले, गाडीला खांदे लावले, आणि गाडी सुरू!

बाळ जव्हारच्या मोठ्या दवाखान्यात झालं, दणदणीत रडलं. मुलगी. आधी सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको.

तिथल्या बाकावर मी सोनीबाईला विचारलं, "डोली तर लागलीच नाही. मग एवढी माणसं कशाला बसवून ठेवली होतीस गं?"

तिने नातीच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं.

"डोलीला चार लागतात, सिस्टर. तुमच्या गाडीला आठ!"